नदीवरची शर्यत आणि मामांची अभद्र वाणी

चांगली बातमी ऐकून ज्याचा चेहरा पडतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामा निघाला. धाकटे मामा. कुंभार पिंपळगावच्या पुढं, गोदावरीकाठी त्यांची काळीभोर जमीन होती, बैल धडधाकट होते, मामी सुगरण होत्या. रडावं असं काही नव्हतं. पण मामांना कारण लागतच नसे. पाऊस झकास झाला की म्हणायचे, "आता कणसं काळी पडतेत बघ." लग्नात आहेर देताना नवरदेवाकडं असं बघायचे, की बिचाऱ्याला वाटावं अजून पळून जायला वेळ आहे. मी परीक्षा पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "गेलास आता हातचा." आणि गंमत बघा, मामांचं एकही भाकीत खरं व्हायचं नाही! कणसं टपोरी भरली, नवरदेवाचा संसार सुखाचा झाला, मी आहे तिथंच राहिलो. मग काय, गावानं उलटा हिशेब धरला. मामा वाईट बोलले की काम फत्ते. पेरणीआधी, सोयरीक जमवायच्या आधी लोक मुद्दाम त्यांच्या ओट्यावर येऊन चार अभद्र शब्द ऐकून जायचे आणि निर्धास्त व्हायचे.

अशा माणसाला आवड एकाच गोष्टीची, नावांच्या शर्यतीची. पोळा झाला, पुराचा माज उतरला, की आमच्या गावची एक नाव आणि पलीकडच्या काठाची एक नाव सकाळी सुटायची. खालच्या अंगाला महादेवाच्या देवळापर्यंत जायचं, पाण्यात नारळ सोडायचा आणि परत वर यायचं. जाताना नदी ओढून नेते, येताना तीच नदी छातीवर बसते. घाटाला लागेतो दिवेलागण व्हायची. जवळच्या अंतराच्या शर्यतीला मामा शर्यत मानायचेच नाहीत. "ती घाई झाली," म्हणायचे. "शर्यत कशी पाह्यजे? पहिल्या कोसाला समदे जोर दाखवितेत. दुसऱ्याला गप्पा मारतेत. मंग एकमेकाला शिव्या देतेत. मंग शिव्या बी सरतेत, अन् ज्याला त्याला वाटतं, झक मारली अन् हितं आलो. तिथून खरी शर्यत सुरू होते. अन् शेजारच्या नावंत तसाच एक येडा पाह्यजे, त्याला बी तेच वाटून राह्यलेलं. तो नसला तर मंग नुसतं पाणी ढकलायचं."

सुकाणू मामांकडं. मी ऐन उमेदीत वल्ह्यावर बसायचो, म्हणून सांगतो, मागून शाबासकी म्हणून कधी आलीच नाही. "ह्या वळणाला उलटतो आपण." "तुझा खांदा गेला बाबा, घरी कसा जातूस आता?" असं दिवसभर. आम्ही जीव तोडून वल्हवायचो ते शर्यतीसाठी नव्हे, हे तोंड एकदाचं काठाला लागून बंद व्हावं म्हणून.

पलीकडच्या नावेचा येडा म्हणजे खाँसाहेब. झुबकेदार मिशा, आणि हसणं असं की दोन्ही काठांच्या म्हशी माना वर करायच्या. शर्यत रंगात आली की ओरडायचे, "क्यों पाटील, जिंदा हो?" मामा म्हणायचे, "आत्तापुरता हाये. पुढचा भरोसा न्हाई." कधी ते जिंकायचे, कधी आम्ही. पण एका वर्षी दोन्ही नावा अशा जोडीनं घाटाला टेकल्या, की पंचांची आपसात जुंपली आणि निकाल लागलाच नाही. "अगले पोळे को फैसला!" खाँसाहेब म्हणाले. मामा वर्षभर त्या फैसल्यावर जगले. नावेला डांबर दिलं, नवी वल्ही तासून घेतली, जेवताजेवता उगाच सुकाणू धरल्यासारखा हात हलवायचे.

आणि तो पोळा आला तो राज्य बदलायच्या धामधुमीत. नदीत नाव घालायची कुणाची छाती नव्हती. मग निजामाचं राज्य गेलं, आणि हिवाळ्याच्या तोंडाला कळलं, की खाँसाहेब घरदार आवरून हैदराबादला लेकाकडं निघाले. जालन्याला आगगाडी पकडायची तर नदी ओलांडून आमच्याच घाटाला यावं लागे. मामा स्वतः नाव घेऊन गेले. नावेत बिबीजी, पेट्या, एक शेळी. खाँसाहेब सारखे हसत होते. "हारने का डर लगा तो खुदीच पार छोडने आरे तुम!" मामा सुकाणू धरून नुसते समोरच्या घाटाकडं बघत होते.

काठावर बैलगाडी जुंपलेली होती. मामांनी खाँसाहेबांचा हात धरला आणि म्हणाले, "काळजी करू नका. समदं बराबर होतंय. पुढच्या पोळ्याला तुम्ही येताय."

खाँसाहेबांचं हसू जागच्या जागी विरलं. ते पेटीवर मटकन बसले. "पाटील, तुम भी अच्छा बोलने लगे? मतलब अब कुछ नै बचा."

मामांचा चेहरा गोरामोरा झाला. मग म्हणाले, "बरं, मंग ऐका. गाडी चुकती तुमची. न्हाई चुकली तर मधीच बंद पडती. हैदराबादचं पाणी सोसत न्हाई तुम्हाला. मिशा गळतेत."

"और?" खाँसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मिशीत हसू फुटलं.

"अन् तुम्ही काही परत येत न्हाई. आपली शर्यत ह्या जल्मी होत न्हाई."

"हौ! अब ठीक है!" म्हणत खाँसाहेब गाडीत चढले. मामा गाडीमागं चालत आजारपणं, चोऱ्या, महागाई, सुचेल ते अभद्र ओरडत राहिले, आणि गाडीतून ते हसणं ऐकू येत राहिलं. आम्हीही हसलो. काय करणार, हसलोच.

गाडी चुकली नाही. मिशाही शाबूत आहेत असं तिकडून आलेल्या कुणी सांगितलं. पण खाँसाहेब परत आले नाहीत, पुढच्या पोळ्याला नाही आणि नंतरही नाही. जन्मभरात मामांचं खरं झालेलं हे एकच भाकीत. ते खरं ठरलं तसं त्यांनी वाईट बोलणं सोडलं ते सोडलंच. पुढं मामी दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनीच विनवलं, "अहो, मी काही यातून उठत नाही, असं म्हणा की एकदा." मामांच्यानं बोलवलं नाही. नुसते हात धरून बसून राहिले.