दिंडोशीची वीजबिलाची खिडकी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो! वीजबिलाच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं बसा, ते आपोआप साचतात. घरी सांगायला गेले की लेक म्हणते, "आई, तुझं ऑफिस आहे की सर्कस?"

दिंडोशीला आमच्या दोन खिडक्या. चौकशीला मी, कॅशला तावडे. यंदा वरून फर्मान आलं, कॅश भरणाऱ्या प्रत्येकाला मोबाईलवर नाहीतर ऑटो-पेवर वळवा. गर्दी कमी झाली की कॅशची खिडकी बंद, आणि तावडेंची बदली थेट माहुलच्या बाजूला. तावडेंचे वडील अंथरुणाला खिळलेले. घर पाच मिनिटांवर, म्हणून रोज दीड वाजता जाऊन ते त्यांना दोन घास भरवून येतात. माहुलहून कसले येतायत!

आणि हा भला माणूस लोकांना मन लावून मोबाईलवर बिल भरायला शिकवत होता! मी चिडायची. "तावडे, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही." तर म्हणायचे, "मॅडम, विचारायला आलेल्याला चुकीचं कसं सांगू?" कपाळ माझं!

*

पहिले वळले ते परबकाका. मालवणचे. ऑटो-पे म्हणजे बँकेतून पैसे आपोआप जातात हे त्यांना एकदम पटलं. फक्त एकच अट होती. पिशवीतून पंचांग काढलं आणि म्हणाले, "तारीख मी सांगतलंय. अमावास्येक पैसो घराभायर जावक नको. शनिवारी नको. पितृपक्षात तर नकोच नको!"

मी म्हटलं, "काका, मग कंपनीनं पैसे घ्यायचे तरी कधी?"

"बेस्तरवारी, गुरवारी. सकाळच्या पारी. दिवेलागणीनंतर आमी लक्ष्मी कोणाक देणव नाय."

मी हसून सोडून दिलं असतं. तावडेंनी काकांना रीतसर अर्ज लिहून दिला, पंचांगाच्या पानाची झेरॉक्स जोडून! पंधरा दिवसांनी मेन ऑफिसचं उत्तर आलं, "आपला अर्ज विचाराधीन आहे." काका अजून ते पत्र लॅमिनेट करून दाखवत फिरतात.

*

आयटीतला एक मुलगा होता. लाईनीतल्या लोकांना बघून म्हणायचा, "काय यार, अजून लाईन लावता? मी दोन मिनिटांत भरतो!" चार महिन्यांनी तोच तणतणत आला. लाईट कापायची नोटीस आली होती. मोबाईल माझ्यासमोर नाचवला, "हे बघा, दर महिन्याला भरलंय!"

भरलं होतं खरं. पण ग्राहक क्रमांकातला एक आकडा चुकलेला. चार महिने हा पठ्ठ्या वरच्या मजल्यावरच्या राण्यांचं बिल भरत होता!

तसाच वर गेला जाब विचारायला. "काका, चार महिने तुमचं बिल शून्य येतंय, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

राणे शांतपणे म्हणाले, "वाटलं ना! म्हटलं, निवडणुका जवळ आल्या असतील."

*

एक बाई आल्या. "मॅडम, बिलाचा मेसेज आमच्या ह्यांच्या मोबाईलवर जातो, तो बंद करा ना. मी दुपारी एसी लावते ते त्यांना कळतं." म्हटलं, नवऱ्याच्या नावावर मीटर आहे, त्यांची सही लागेल.

दोन दिवसांनी ते "हे" स्वतःच हजर! आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, मिसेसनी माझ्या मोबाईलमधला मेसेज वाचायच्या आत काही करता येईल का? ती माहेरी गेली की मी रात्रभर एसी लावतो."

आठवड्याने त्या घरच्या सासूबाई काठी टेकत आल्या. "मेसेज माझ्या मोबाईलवर पाठव गं बाई. या घरात मला कोणी काही सांगतच नाही!"

*

आणि मोरेआजी! तावडेंनी त्यांना मोबाईलवर बिल भरायला शिकवलं. सगळं जमलं, पिनपाशी गाडी आली आणि आजींनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा पिन म्हणून दाखवला.

तावडे घाबरले. "आजी, पिन कोणाला सांगायचा नसतो!"

"मग लक्षात कोण ठेवणार?"

पुढच्या महिन्यात त्या खरंच विसरल्या. आणि लाईनीतल्या तिघांनी एका सुरात सांगितला! तावडेंनी त्याच दिवशी बसून पिन बदलून दिला.

*

होता होता कॅशवाले संपत आले. एका शुक्रवारी अंधेरीहून साहेब आले, खिडकीचं काय ते ठरवायला. मी सकाळपासून तावडेंकडे बघायचंच टाळत होते.

पण बघते तर काय, कॅशच्या खिडकीला लाईन पार गेटपर्यंत! मला वाटलं, सुटलो. साहेबही चक्रावले. अर्धा तास खुर्ची टाकून बघत बसले. मग कॉम्प्युटर बघितला. कॅश शून्य!

"हे काय आहे? एवढी माणसं, आणि जमा काहीच नाही?"

मोरेआजी पुढेच होत्या. म्हणाल्या, "बिल कालच भरलं की मोबाईलवर."

"मग इथे कशाला आलात?"

"शिक्क्याला!"

आजींच्या हातात झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेली पावती. मागे सगळ्यांच्या हातात तेच. तावडे एकेकाचा क्रमांक तपासून 'भरणा झाला' असा गोल शिक्का मारत होते, खाली सही, तारीख.

साहेब भडकले. "तावडे, याची काही गरज नाही! मेसेज येतो ना लोकांना?"

तावडेंचा चेहरा पांढराफटक. "साहेब, शिक्का नाही म्हटलं की ते परत कॅश घेऊन येतात."

"मेसेजचं काय घेऊन बसलास बाळा," आजी साहेबांना म्हणाल्या. "मोबाईल पडला पाण्यात की गेला मेसेज. शिक्का कुठे जातोय?"

साहेब उठले. फाईल मिटली, तडातडा दारापर्यंत गेले. मी मनात म्हटलं, वाट लागली! दारात दोन मिनिटं थांबले. मग वळले आणि लाईनीत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले.

कोणी हसलं नाही. वीसेक मिनिटांनी नंबर आला. साहेबांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"यावर पण मारा एक," ते हळूच म्हणाले. "माझी आई ऐकत नाही."