जाऊबाईंचे धवले कुठे ठेवायचे

माझ्या थोरल्या जाऊबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. जाऊबाईंना एकही धवला कागदावर लागत नसे. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. आता नुसती हवा येते, कान जवळ नेला तर शब्द कळतात.

त्यांचे धवले त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या पुतणीनं, इंटरनेटवर एका पानावर ठेवले होते. मोबाइल भरला की ती जुनं पुसून टाकायची. पानावर आहे तर जातंय कुठे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. एका दुपारी पान उघडेना. सरकारकडून कायदेशीर मागणी आल्यामुळे हे पान भारतात दाखवता येत नाही, एवढंच लिहून आलं. कुठलं गाणं, कोणाची तक्रार, काही नाही. पुतणीनं कंपनीला विचारलं, तर तेच वाक्य परत आलं.

पानावर शेवटी चढवलेले धवले माझ्या मुलीच्या हळदीचे होते. हळदीत नवऱ्या मुलाच्या आईला नावं ठेवायची रीत आहे. जाऊबाईंनी माझ्या विहिणीला चांगलंच धुतलं होतं. नथ मागून आणलेली, चालणं बदकाचं, लक्ष सगळं जेवणावर. हे लोकांत पसरल्यावर तिनंच तक्रार केली असणार, असं आम्ही धरून चाललो. माझी मुलगी त्या घरात नांदत होती. म्हणून नारळ आणि साडी घेऊन मी आणि जाऊबाई उलव्याला विहिणीच्या घरी माफी मागायला गेलो. मला चार माणसांत बोलता येत नाही आणि जाऊबाईंना आवाज नाही.

मी कसंबसं सांगितलं. विहीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"मी तक्रार करीन? आख्ख्या भावकीत दावत फिरते मी ते. एवरी नावं दुसऱ्या कोनच्या सासूला ठेवली हायेत काय?" मग जाऊबाईंकडे वळून म्हणाल्या, "नथ मातर माजी हाय. मागून आनलेली नाय."

जाऊबाई पुटपुटल्या.

"काय बोलते ती?"

"पावती दाखवा म्हणतात," मी म्हटलं.

विहीणबाई हसल्या. साडी मात्र ठेवून घेतली.

घरी आल्यावर पुतणीला त्याच हळदीतली आणखी एक ओळ आठवली. जाऊबाईंनी ती गाता गाता जोडली होती. 'सायबानं खारी बुजवली, आता चिंबोऱ्या मागतो कोनाला.' खाडीत भराव पडून खेकडे गेले तेव्हापासून आमच्या बायका हे बोलतच होत्या. तीच ओळ कुणा साहेबाला लागली असेल. असेल म्हणते, कारण अजूनही आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

शेजारच्या भाभींचे यजमान मस्कतला नोकरीला आहेत. भाभींनी फोनवर ही हकीकत सांगितली, तर ते म्हणाले, पान इथे दिसतंय की. बंद होतं ते फक्त आपल्याकडे. मग ड्यूटी संपली की ते एकेक धवला उतरवून पाठवायला लागले.

"ते सांगतात, रोज हळदच ऐकतोय," भाभी म्हणाल्या. "रूमवाले विचारतात, निकाह कुणाचा आहे बाबा, दावत कधी?"

बहुतेक सगळे आले. मग ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. पुतणीनं इंटरनेटवरच दुसरी जागा शोधली. तिथे एक मालक नसतो, ती म्हणाली. लहान लहान पुष्कळ घरं असतात, एकमेकांना जोडलेली, आणि प्रत्येक घराचे नियम त्या घरातल्या माणसांचे. एक दार बंद झालं तर आपलं सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. धवल्यांची एक प्रत आमच्याकडे आणि एक भाभींच्या कॉम्प्युटरमध्येही ठेवायचं ठरलं.

"तिथे कोणी खोटं पसरवलं तर?" मी विचारलं. मुलं पळवणारी आली म्हणून मोबाइलवर फिरलं होतं, तेव्हा स्टँडजवळ एका बोहारणीला लोकांनी मारलं. ती जुन्या कपड्यांवर भांडी द्यायला आली होती.

"पसरेल, काकी. तिथेही पसरेल. त्या घरातले त्याला बाहेर काढतील, पण उशीर होऊ शकतो."

तिनं खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मला पटलं. सरकारनं काही बघूच नये, असं मी म्हणणार नाही. पण बोहारणीला मारणाऱ्यांना पकडलं तेव्हा कशासाठी पकडलं ते सांगितलं होतं. जाऊबाईंना कुठली ओळ खटकली ते सांगितलं असतं, तर त्यांनी उत्तर दिलं असतं. एका ओळीपायी त्यांचा सगळा गळा काढून नेला आणि कोणी नेला तेही कळलं नाही.

नव्या जागी चढवताना पुतणीनं विचारलं, "आई, ती साहेबाची ओळ कापू? कापून अर्ज केला तर जुनं पानही कदाचित सुटेल."

जुन्या पानावर रोडपालीपासून मोऱ्यापर्यंत गावोगावची माणसं ऐकत होती. जाऊबाईंनी मला खूण केली. मी कान जवळ नेला.

"नको बोलतात," मी पुतणीला सांगितलं. "कापली तर पुढची ओळ कशावर उभी राहील, विचारतात."

ओळ राहिली. जुनं पान बंदच आहे. नव्या जागी ऐकायला ओळखीचीच चार माणसं येतात, त्यात विहीणबाई रोज. दुपारी जाऊबाई लावायला सांगतात. मध्येच हात वर करून थांबवतात, त्यांचा सूर घसरलेली जागा पुन्हा ऐकतात आणि मला म्हणतात, "हितं चुकले मी. पन राहू दे."