शेवंताबाईच्या छातीतली कळ

चोपड्याच्या अलीकडच्या एका गावात तोताराम पाटलांची केळीची बाग होती, पण बाग खरी राखायची ती त्यांची बायको, शेवंताबाई. कापणीवाल्याने घड जरा आपटला तरी बांधावरून तिचा आवाज येई. पन्नाशीची, हाडापेराने दणकट बाई. कोणावर चटकन विश्वास टाकणं मात्र तिच्या रक्तातच नव्हतं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात एका पहाटे ओट्यावर बसल्याबसल्या तिच्या छातीत कळ आली. डावा हात जड झाला, लुगडं घामाने चिंब. जळगावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघून सांगितलं, "हार्ट अटॅक." मुंबईला नेऊन अँजिओग्राफी केली, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. कुठेच अडथळा नाही. गॅस असेल, नाहीतर मनाची भीती."

तोतारामांचा जीव भांड्यात पडला. शेवंताबाई मात्र परतीच्या गाडीत एकच विचारत होती, "बठ्ठं साफ शे, मंग झटका कसाना?"

घरी आल्यावरही कळा थांबल्या नाहीत. यायच्या त्या पहाटेच. आणि आता कोणी धावत येईना. रिपोर्ट साफ आलेलं माणूस आजारी कसं? एकदा गोठ्याआडून तिने सुनेला शेजारणीशी बोलताना ऐकलं, "आत्याबाई नाटक करी ऱ्हायन्यात."

सून सुनंदा, मुलगा लीलाधरची बायको, धुळ्याची. त्या दिवसापासून शेवंताबाईचं डोकं एकाच वाटेने चालू लागलं. शिरा साफ, म्हणजे बाहेरून काहीतरी पोटात जातंय. पहाटेचा चहा कोण देतं? सुनंदा. तिने चहासाखरेचे डबे आपल्या खोलीत नेले. सुनेने वाढलेलं ताट ती नवऱ्यापुढे सरकवी आणि त्याने चार घास खाल्ल्यावरच स्वतः जेवे. सुनंदा महिनाभर माहेरी गेली, तेव्हा एकही कळ आली नाही. मग तर तिची खात्रीच पटली.

पुढच्या हिवाळ्यात सुनंदाच्या भावाचं लग्न निघालं. व्याह्यांकडे न जाऊन कसं चालेल? शेवंताबाई घरून भाकरी बांधून धुळ्याला गेली. तिथे पाहुण्यांच्या खोलीत पहाटे तिला जाग आली ती छाती आवळल्यासारखी होऊनच. कोणाच्या हातचा पाण्याचा घोटही तिच्या पोटात गेला नव्हता.

कण्हणं ऐकून पहिली उठली सुनंदा. तिने सासूचा चेहरा पाहिला, कपाळाला हात लावला, आणि हे नाटक नव्हे हे तिला कळलं. अंगावरच्या कपड्यांनिशी तिने रिक्षा बोलावली आणि सासूला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दारात नेलं.

डॉक्टरांनी कळ चालू असतानाच कार्डिओग्राम काढला. मग जिभेखाली गोळी ठेवली. थोड्या वेळाने कळ ओसरली, तेव्हा दुसरा काढला. दोन्ही पट्ट्या त्यांनी शेजारी शेजारी धरल्या.

"कळ चालू असतानाची ही पट्टी वेगळी आहे बघा. यांची रक्तवाहिनी तुंबलेली नाही, ती मधूनच आवळते आणि पुन्हा सुटते. मुंबईत तपासली तेव्हा ती सुटलेली असणार. काहींना हे पहाटेच होतं, मध्ये महिने महिने काहीच होत नाही."

"म्हणजे नाटक नाही?" सुनंदाने विचारलं.

"नाटकाने पट्टी बदलत नाही."

शेवंताबाई खाली मान घालून हळूच म्हणाली, "आनि... कोनी पोटात काही घालं तर?"

डॉक्टर गोंधळून दोघींकडे बघत राहिले. "छे! तसलं काही नाही."

 परतताना रिक्षात सुनंदा बाहेर बघतच म्हणाली, "तुमले काय वाटे, ते बठ्ठं माले माहीत व्हतं."

शेवंताबाईला रडू फुटलं. सुनंदाने तिचा हात धरला नाही, पण आपला पदर तिच्या गार पायांवर ओढून घातला.

गोळ्यांनी कळा पुष्कळ कमी झाल्या. वर्षभरात सुनंदाने त्याच घरात आपली चूल वेगळी मांडली, आणि शेवंताबाईने तिला अडवलं नाही. एखाद्या पहाटे छाती आवळलीच, तर ती भिंतीवर थाप मारी, आणि गोळी घेऊन सुनंदाच येई.