बाबांनी शिकवलेले चढ

माझे बाबा टिप्पर ड्रायव्हर. सावंतवाडीजवळच्या गावातून ते तरुणपणी पाळीच्या खाणीवर आले आणि पुढची वीसेक वर्षं खनिजाचे टिप्पर चालवत राहिले. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी एक लहान टेम्पो घेतला आणि जांभ्याचे चिरे, नारळ, मंडपाचं सामान, जे मिळेल ते वाहायला लागले. आम्ही तोवर कारापूरला घर बांधून राहिलो होतो.

मी एम.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं त्या वर्षी सायकलही हातात घेतली. आधी ती फक्त घरापासून साखळीच्या बसस्टँडपर्यंत जायला होती. मग विद्यापीठातल्या एका सीनियर मुलीनं शिक्षणासाठी परदेशी जाताना तिची जुनी रेसिंग सायकल मला देऊन टाकली. तिच्याच ओळखीनं मी रविवारी सकाळी सायकल चालवणाऱ्या एका हौशी गटात गेले. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसरी आले आणि तरी घरी येईपर्यंत हसत होते.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी खाणीच्या रस्त्यावर त्यांचा टेम्पो समोरून आला. मी हात केला. त्यांनी केला नाही. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई जेवायला वाढताना एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. ओळखीच्या एकाचा मोठा ट्रक त्यांनी मागून आणला होता. मला त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मग माझी सायकल उचलून ट्रकच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या जरा मागे उभी केली आणि स्वतः तिच्याजवळ उभे राहिले.

"सांग, सायकल खंय आसा?" त्यांनी खालून विचारलं.

मी आरशात बघितलं. मान लांब करून खिडकीतून बघितलं. सायकल दिसत नव्हती. बाबासुद्धा दिसत नव्हते. फक्त त्यांचा आवाज येत होता.

"दिसत नाही," मी म्हटलं.

"माका ह्याचाच भंय वाटता," ते म्हणाले. "इतकी वर्सां मी थंय बसान गाडी चालवलंय. आता शिक, खंय दिसतंस आनि खंय नाय."

मला वाटलं होतं, ते सायकल बंद करायला सांगतील. त्यांनी तसं कधीच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत ते सायकल ट्रकभोवती हलवत राहिले आणि मी वरून "दिसली", "गेली" असं ओरडत राहिले. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन बघत होती. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग रविवारी पहाटे ते टेम्पो घेऊन माझ्या मागे यायला लागले. सायकल त्यांनी आयुष्यात शर्यतीसाठी कधी चालवली नव्हती, पण डिचोली तालुक्यातला प्रत्येक चढ त्यांना भरल्या गाडीच्या वजनासकट पाठ होता. चढ अंगावर यायच्या आधी गियर बदल, चढात बदलायला गेलीस तर गती मोडते, हे त्यांनी मला शिकवलं. उतारावर ब्रेक धरून ठेवू नको, दाब आणि सोड. रस्त्याच्या कडेला तांबडी खडी असते, तिच्यावर चाक मण्यांवर घसरावं तसं घसरतं, कडेला जाऊ नको. आमच्या गटातल्या मुली महागडी घड्याळं बघून सराव करायच्या. माझ्यामागे टेम्पोचं इंजिन असायचं. त्याचा सूर बदलला की मला कळायचं, आपण ढिल्या पडलो.

माझ्या प्रबंधाचा विषय होता बंद खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी आणि त्याच्या तळाचा गाळ. परवानगीचं पत्र मिळालं तेव्हा मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, पाहणीला आल्या. बाबा आम्हांला टेम्पोतून घेऊन गेले. खड्डा निळ्याहिरव्या पाण्यानं भरलेला होता. मॅडम काठावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "पाण्याखालच्या पायऱ्या कुठे आहेत हे कळलं असतं तर नमुने घ्यायला सोपं झालं असतं."

बाबा मागे टेम्पोला टेकून उभे होते. ते हळूच पुढे आले. "मॅडम, मी सांगू?"

आणि मग त्यांनी सांगितलं. इथं वरचा बेंच, म्हणजे वरची पायरी होती, तिथून रस्ता वळून खाली जायचा, त्या कोपऱ्यात मऊ पिवळी माती लागायची म्हणून गाड्या रुतायच्या, सगळ्यात खाली काळा दगड. पाण्याकडे बोट दाखवत ते सांगत होते, जणू पाणी नव्हतंच. मॅडमनी वही काढली. तासभर त्या विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही आज माझा एक महिना वाचवलात." बाबा नुसतं "हां" म्हणाले. पण परतताना साखळीत त्यांनी टेम्पो थांबवला आणि आम्हां दोघींना चहा पाजला आणि गरम उंडे, म्हणजे कडक गोल पाव, खायला घातले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळं एकदम अंगावर आलं. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, लग्न ठरलं. मुलगी पेडण्याची, मुहूर्त रविवारी दुपारी, हॉल पेडण्यात. त्याच रविवारी सकाळी पेडण्यातूनच आमची मोसमातली मोठी शर्यत सुटणार होती, तेरेखोलसमोरच्या केरीच्या फेरीधक्क्यापर्यंत आणि परत. आणि प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस सोमवार.

शर्यतीचं मी आईला भीत भीत सांगितलं.

"भावाचा लगीन एकदाच होता," आई म्हणाली. "शर्यती काय, वर्साक येतत."

तिचं खरं होतं. दादाची मी एकटीच बहीण, करवली मीच. लग्नाला चार दिवस असताना मी नाव मागे घ्यायचं ठरवलं आणि ते बाबांच्या कानावर घातलं. ते टेम्पोच्या काचा पुसत होते. पुसतच राहिले.

शनिवारी दादाची हळद होती. अंगणात बायका गात होत्या आणि मी आतल्या खोलीत संदर्भांची यादी पुरी करत होते. मध्येच कुणीतरी हाक मारायचं, मी बाहेर जाऊन हळद लावून यायचे, परत टंकायला बसायचे. लॅपटॉपची बटणं पिवळी झाली. संध्याकाळी साखळीला जाऊन प्रबंधाच्या प्रती बांधून आणल्या. घरी आले तर टेम्पोत माझी सायकल दोरीनं बांधून ठेवलेली.

"सकाळी पाच वाजता तयार रव," बाबा म्हणाले. "वऱ्हाड धा वाजता निघतला. तोवर मी परत येतंय."

मी आईकडे बघितलं. ती परातीत अक्षता मिसळत होती. वर न बघताच म्हणाली, "तोंड खरचटून मांडवात इलंस तर बघ."

शर्यतीत बायकांच्या गटात आम्ही सतराजणी होतो. उजाडता उजाडता शर्यत सुटली. केरीपर्यंत आम्ही आठजणी एकत्र होतो. फेरीधक्क्यावर नदीपलीकडच्या तेरेखोलच्या किल्ल्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, वळसा घेऊन आम्ही लगेच परतलो. पठाराच्या चढाला मी आधीच गियर उतरवला आणि आम्ही आठजणींच्या चारजणी झालो. मी दुसरी होते. पाय जळत होते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकूही शकतो.

चढ संपून रस्ता खाली वळतो तिथं बाबा उभे होते. लग्नासाठी शिवलेला पांढरा शर्ट अंगात. ते ओरडत नव्हते की टाळ्या वाजवत नव्हते. हात पुढे करून तळवा खाली, पुन्हा खाली, असा हलवत होते. समोरून येणाऱ्या गाडीला ड्रायव्हर लोक करतात तीच खूण. पुढे काहीतरी आहे, हळू.

मी ब्रेक दाबला आणि ओरडले, "सावकाश! सगळ्या सावकाश!"

वळणापलीकडे चिऱ्यांचा ट्रक बंद पडून रस्त्यात आडवा उभा होता आणि त्याच्यामागून म्हशी रस्ता ओलांडत होत्या. आम्ही चौघी ट्रकच्या कडेनं एकामागे एक चालत्या वेगानं पुढे सरकलो. कुणाला ओरखडाही आला नाही. पण या गडबडीत मी शेवटी पडले, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर कितीही रेटलं तरी ते अंतर भरून निघालं नाही. चौथी. पदकं तिसऱ्या क्रमांकापर्यंत.

बाबा आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले होते. रडू येत होतं. पहिली आलेली मुलगी त्याच वेळी माझ्याजवळ आली, माझा खांदा दाबला आणि म्हणाली, "तू ओरडली नसतीस तर मी ट्रकखालीच होते." आणि मग बाबांना वाकून नमस्कार करून गेली. बाबा अवघडले. तिच्या पाठीकडे बघत त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

"बरी चालवलंस," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे शब्द मी फक्त दोनतीन जुन्या ड्रायव्हरांबद्दल ऐकले होते.

मला हॉलवर सोडून ते कारापूरला गेले आणि वऱ्हाडाबरोबर पुन्हा पेडण्याला आले. मुहूर्ताला मी जरीची साडी नेसून, हातात दिवा घेऊन दादाच्या मागे उभी राहिले. हातमोज्यांच्या उन्हाच्या रेघा बांगड्यांखाली स्पष्ट दिसत होत्या. एक लांबची मावशी म्हणाली, "करवलीचे हात कसे गो हे असे, दोन रंगांचे?"

मी काही बोलायच्या आत आई वळली. "चाळीस किलोमीटर सायकल मारून इली आसा ती. चौथी इली. तू मारशीत काय?"

मावशी हसली, आईही हसली. पण मला दिसलं, आईनं "चौथी" हा शब्द बाजूच्या दोघींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटला होता.

जेवणं झाल्यावर मी बाबांना शोधलं. ते हॉलच्या मागच्या ओट्यावर एका खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले होते. फेटा मांडीवर, पायात बूट तसेच. मी उठवायला गेले तर आईनं मला अडवलं आणि हळू आवाजात सांगितलं. देवक बसवायचा विधी लग्नादिवशी सकाळी असतो. वराच्या बापाला त्या वेळी घरीच थांबावं लागतं. बाबा आठवडाभर आधी भटजींच्या घरी गेले होते आणि तो विधी शनिवारी उरकून घ्यायला त्यांनी भटजींना राजी केलं होतं. म्हणजे मी नाव मागे घेते असं त्यांच्या कानावर घातलं, त्याच्याही आधी.

मी तिथंच शेजारच्या पायरीवर बसले. आत फोटोसाठी कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. वऱ्हाडी मंडळी ये-जा करत होती, भांड्यांचा आवाज होत होता, आणि बाबा गाढ झोपले होते.

सोमवारी मी बसनं जाऊन प्रबंध दिला. बाबा येणार होते, मीच त्यांना नको म्हटलं. आता मी एका महाविद्यालयात शिकवते आणि अजून शर्यतीत उतरते. एकदा दुसरी आले आहे. पहिली अजून नाही.