गाय दोहेपर्यंत

आमच्या मामंजींनी मला जन्मात जेवढे धक्के दिले, तेवढे एका सासऱ्याने एका सुनेला देऊ नयेत असा कायदा असता, तर ते आयुष्यभर अलिबागच्या तुरुंगात राहिले असते. आणि तिथेही चार दिवसांत त्यांनी जेलरला कैद्यांच्या पंक्तीला बसवला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पहिला धक्का लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी बसला. मी पेणची, वय पंधरा, चौलला नवीन. दुपारी पानं मांडली, भात वाढला, वरण वाढलं, तुपाची धारही पडली. आणि कोणी बसेचना. सगळे आपापल्या पाटामागे उभे. पाहते तर मामंजी सोवळ्यानेच अंगण ओलांडून वाडीच्या बेड्याशी गेलेले, बेड्याची आडवी लाकडं सारलेली, आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडताहेत, "कोणी उपाशी आहे का हो? असेल तर या!" म्हटलं, बाबांनी स्थळ पाहिलं, वाडी पाहिली, सुपाऱ्या पाहिल्या. माणूस पाहायचा राहिला वाटतं!

सासूबाईंनी कानात सांगितलं, "वैश्वदेव झाला की अतिथीची वाट पाहावी, असं शास्त्र आहे." आता हे शास्त्र काय आमच्या पेणला नव्हतं? होतं की. पण तिथे माझे बाबा दारातून एकदा डावीकडे बघायचे, एकदा उजवीकडे बघायचे आणि पाटावर येऊन बसायचे. मामंजींचं तसं नव्हतं. गाय दोहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबावं, असं शास्त्रात म्हटलंय म्हणून ते गोठ्यातल्या गड्याला त्याच वेळी खरोखरीच दोहायला बसवायचे. आणि आमची चंद्री कशी? दोन धारा द्यायची, लाथ मारायची, चरवी उलथायची. शेजारची कपिला शांतपणे दूध द्यायची, तिचा हिशेब धरा म्हटलं तर मामंजी म्हणायचे, "अतिथी आपला, तर गायही आपलीच हवी." वरणावर साय धरेपर्यंत आम्ही उभ्या! त्या गाईला मी मनातल्या मनात काय काय बोलले आहे, ते देवाने माफ करावं.

आणि कोण कोण यायचं म्हणता? कासार आला, पोस्टमन आला, मिठागरातला मजूर आला, एकदा तर भलत्याच गावच्या वरातीतून चुकलेला वाजंत्री आला आणि जेवून वर तासभर सनई वाजवून गेला. प्रत्येकाचे पाय मामंजी स्वतः धुवायचे. नाव मात्र जेवण झाल्यावरच विचारायचे. "आधी नाव विचारलं की त्यातून जात निघते," ते म्हणायचे, "आणि जात निघाली की वाढणाऱ्याचा हात आखडतो." मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी एका दुपारी दोघांना आणलं. एक वॉरंट निघालेला पोरगा आणि दुसरा ते वॉरंट खिशात घेऊन फिरणारा शिपाई! मी ताकाची कढी वाढत होते, ती पानाऐवजी थेट शिपायाच्या पगडीवर. मामंजी शांतपणे म्हणाले, "पानावर कोणी कोणाला धरायचं नाही. काय धरायचं ते बेड्याबाहेर धरा." पोरगा वाडीच्या मागल्या बाजूने निघून गेला आणि शिपाई दुसऱ्यांदा भात घेत राहिला.

एवढं असलं, तरी एक रेघ होती, ते खोटं कशाला सांगू? महारवाड्यातलं कोणी आलं तर पान अंगणात मांडलं जायचं. मामंजी ते स्वतः नेऊन मांडायचे, पण मांडायचे अंगणातच. घराला ते चालत होतं, गावाला चालत होतं आणि मलाही चालत होतं.

आता वन्संची गोष्ट. माझी नणंद, एकोणीस वर्षांची, सोन्यासारखी मुलगी. पण डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. तीन स्थळं परत गेलेली. एकोणीस म्हणजे त्या काळी गावाने तोंडात बोट घालायचं वय. सासूबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अशात नागावचे एक वकील मुलगा घेऊन यायचं ठरलं. पसंती कळलेली होती. जेवणं व्हायची, मग मुलीला कुंकू लावायचं आणि साखर वाटायची, एवढंच उरलं होतं. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, हे मोडलं तर मी विहीर जवळ करीन हो." थट्टेत म्हणाल्या, पण मी त्यांना विहिरीवर एकटीला जाऊ देईना.

आणि नेमकी त्याच आठवड्यात चंद्री आटली! म्हणजे दोहणं नाही, म्हणजे वाट पाहण्याला अंतच नाही. सासूबाई हुशार. त्यांनी देवळातल्या गुरवाला सांगून ठेवलं, "बारा वाजता रस्त्यावर उपाशी चेहरा करून उभा राहा." पाहुणे आले त्या दिवशी गुरव उभा राहिलाही. पण मामंजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "अरे, सकाळी माझ्यादेखत पोहे खाल्लेस की तू!" आणि पुढे गेले. पलीकडे उंडीच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय धुळीने माखलेले. मामंजींनी त्याला हाताला धरून आणला, पाय धुतले, आणि अंगणात न थांबता ओटीवर, वकीलसाहेबांच्या शेजारच्या पानाकडे चालू लागले. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आज घरी मंगल कार्य, आणि अंगणात पान मांडायचं? लाज वाटली गं."

त्या दिवशी मात्र आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या काठीवरून आणि घोंगडीवरून म्हातारा कोण ते कोणीही ओळखलं असतं. हा रेवदंड्याच्या महारवाड्यातला, गावोगाव मयताचा सांगावा पोचवणारा! वकीलसाहेब ताडकन उठले. "हा काय प्रकार आहे?" सासूबाई खांबाला टेकल्या. आणि मी? मी दोन पावलं मागे सरले, तेही सांगून टाकते.

म्हातारा ओटीच्या पायरीवरच थांबला. हात जोडून वकिलांना म्हणाला, "धनी, रागवू नका. मी जेवाया न्हाय आलो. तुमच्याचकडं आलोय. नागावला गेलो, घराला कुलूप. तवा हिकडं आलो."

मयताचा सांगावा! वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक. "रेवदंड्याहून? म्हणजे आत्या..."

"काय बोलू नका, धनी!" म्हातारा जवळजवळ ओरडलाच. "मी काय सांगितलं न्हाय, तुमी काय ऐकलं न्हाय. आधी पोरीला कुंकू लागू द्या. आज ही बातमी आली तर लोक पोरीला बोल लावतील, पांढऱ्या पायाची म्हनतील. म्हनून तर मी झाडाखाली बसलो हुतो. ह्या धन्यांनी वढून आनला, काय करू?"

अगं बाई! मी मामंजींकडे पाहिलं. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. त्या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. पहाटेपासून उपाशी चाललेला तो म्हातारा ज्या मुलीसाठी गप्प बसला होता, तिचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "कानावर आल्याशिवाय सुतक नाही. माझ्या कानावर काहीही आलेलं नाही. कुंकू आणा."

कुंकू लागलं. साखर वाटली, सगळे पानावर बसले. म्हातारा काही केल्या ओटीवर येईना, तेव्हा मामंजींनी आपलं पान उचललं आणि पायरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसले. हात धुवून झाल्यावर म्हाताऱ्याने सांगावा सांगितला. आत्यानेच वकीलसाहेबांना लहानाचं मोठं केलं होतं. ते ओक्साबोक्शी रडले, आणि रडताना आधाराला हात टेकला तो त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर. त्यांना भान नव्हतं. आम्हाला होतं, पण कोणी ब्र काढला नाही. मामंजींनी डोळे पुसत विचारलं, "तुझं नाव काय रे?" तो म्हणाला, "जानू."

गाव खवळलं. शास्त्रीबुवा येऊन बजावून गेले, पंचगव्य घ्या, नाहीतर वाळीत. मामंजी म्हणाले, "घेतो की. पण दूध, दही, तूप घरच्या गाईचं हवं. चंद्री व्याली की कळवतो." दोन महिने गावातलं कोणी आमच्याकडे जेवलं नाही. ज्यांना वाळीत टाकायची सोय नव्हती असे मात्र इतके आले, की मला केळीची पानं पुरवताना नाकी नऊ आले. चंद्री व्याली, पण मामंजींनी काही कळवलं नाही. अंगणातलं पान मात्र त्या दिवसापासून बंद झालं, सगळ्यांचीच पानं ओटीवर.

मामंजी सहा वर्षांनी गेले, सकाळी फुलं काढताना. नागावला वन्संकडे, त्यांचे आप्पा गेल्याचा सांगावा धाडायचा होता. कोणी बोलावलं नसताना जानू येऊन उभा राहिला. वाकला होता, नीट दिसतही नव्हतं. म्हणाला, "दुसऱ्या कुनाला धाडू नका. मी जातो."

पुढचं वन्संनी मला सांगितलं. दुपारी त्या दारात आल्या, तर समोर जानू. तो सांगाव्याचं काही बोललाच नाही. फक्त म्हणाला, "बाय, जेवलीस काय?"

"मला तिथेच कळलं, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "पण मी विचारलं नाही. त्याचे पाय धुतले. दोन पानं मांडली, त्याला वाढलं, त्याच्यासमोर बसून मीही जेवले. घास उतरत नव्हता, पण सावकाश जेवले. गाय दोहायला लागतो ना, तेवढा वेळ. तेवढा वेळ माझे आप्पा होते."