फटफटीचं दावं

अंथुर्ण्याच्या महिपतीला फटफटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हे त्याला सांगायचं कुणी? बैलगाडीचं चाक उतरवणाऱ्याला ह्या दोन चाकांचं काय एवढं, असं त्याचं म्हणणं. एकोणीसशे छत्तीस साल असेल. कालव्यावरच्या ओव्हरसियरच्या गोठ्यात एक लहानशी फटफटी कैक वर्षं पडून होती. तिच्या टाकीवर कोंबड्या खुशाल बसायच्या. ओव्हरसियरच्या लेकरांना घरचं दूध हवं होतं. महिपती ढवळी गाय देऊन फटफटी घेऊन आला आणि वर लई शहाणपणा केल्यागत मिशीवरनं हात फिरवला.

आता ढवळी त्याची असती तर एक वेळ चाललं असतं. ती छबूबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. लग्नानंतर माहेरनं, सांगवीहून आलेली. छबूबाई भांडली नाही, तिनं माहेरी जायला गाठोडं बांधलं. खरं तर तेव्हाच ह्या बाबाला घाम फुटायला पाहिजे होता! पण हा अंगणात गोधडी पसरून इंजिन उघडून बसलेला. शेजारच्या बनाबाईंनी मात्र रीत सोडली नाही. सवाशीण रिकाम्या ओटीनं उंबरा ओलांडते म्हणजे काय, असं म्हणत त्या आत गेल्या, गाडग्यातले तांदूळ ओंजळभर आणले आणि तिची ओटी भरून दिली.

लगोलग सासऱ्याचा, हिंदुरावांचा निरोप आला. जावयानं गाय घेऊन यावं, नाहीतर त्या लोखंडावर बसून यावं. पायी आला तर पोरगी धाडणार नाही. ओव्हरसियर गाय परत द्यायला राजी नव्हता. म्हणजे उरली फटफटी.

मग महिपती इरेला पेटला. रॉकेलनं एकेक तुकडा धुतला, बैलगाडीच्या आसाचं वंगण साखळीला चोपडलं, फाटक्या टायरला आतून चामडं शिवलं. दिवस बरा जायचा. संध्याकाळी मात्र थंड चुलीपुढं बसलं की त्याला बायकोची आठवण यायची, आणि तसं कबूल करायची लाजही वाटायची. अखेर सगळं जोडून झालं. लाथा मारून मारून पोटरीला गोळे आले, पण फटफटी ढिम्म.

तेव्हा पेट्रोल आणि हवा मिसळायचा डबा फडक्यात बांधून तो बारामतीला अमीरभाईकडं गेला. अमीरभाई स्टेशनापाशी सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी डबा उघडला आणि आतली पितळी बोंडी कुठं आहे, असं विचारलं. तिच्या बारीक भोकातनंच पेट्रोल वर येणार. ती नसली तर इंजिन जन्मात चालायचं नाही. महिपती हसला. ती कशी हरवेल? गंज लागू नये म्हणून इंजिन उघडलं त्याच दिवशी सगळा बारीकसारीक ऐवज त्यानं तांदळाच्या गाडग्यात ठेवला होता, आणि जोडताना कुठं बसवायचं ते न कळलेलं तिथंच राहिलं होतं. ज्वारी खाणाऱ्या घरात तांदळाला सणाशिवाय हात लावतंय कोण!

घरी येऊन गाडगं पालथं केलं. स्क्रू निघाले, छर्रे निघाले, बोंडी नाही. आणि मग त्याला बनाबाईंची ती ओंजळ आठवली. बोंडी ओटीतनं सांगवीला गेली होती. बोंडीशिवाय फटफटी चालत नाही, आणि फटफटीशिवाय बोंडीपर्यंत जायची सोय नाही!

शेवटी त्यानं फटफटी बैलगाडीत घातली, वर कडबा रचला आणि चोरासारखा सांगवीच्या नदीवर उतरला. छबूबाई धुणं धूत होती. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या मधोमध ती बोंडी घासूनपुसून ओवलेली.

"ती माझ्या फटफटीची हाय," महिपती म्हणाला.

"माझ्या ओटीत आली, म्हंजी माझी. ओटीतलं टाकत्यात व्हय? ढवळी मला इचारून दिली व्हती का?"

धुण्याच्या दगडाकडं बघत, चुकलो, असं तो म्हणाला. मग तिच्या पुढ्यातलं ओलं लुगडं उचलून तो पिळायला लागला, ते तिनं पाहिलं. तिनं दोरा सोडून बोंडी त्याच्या तळहातावर ठेवली.

थोड्या वेळानं सांगवीच्या वेशीतून धुराचा लोट आणि फटफट आत शिरली. कुत्री पळाली. ओट्यावर बसलेल्या हिंदुरावांना ठसका लागला, पण माणूस शब्दाला पक्का. नदीवर लपवलेल्या बैलगाडीचं कळलं तरी ती पोचती करायला त्यांनी गडीच दिला, आणि छबूबाई पदर खोचून नवऱ्याच्या मागं बसली. अंथुर्ण्यापर्यंत महिपतीची छाती अशी फुगलेली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी.

अंगणात उतरल्याबरोबर छबूबाईनं हात पुढं केला. बोंडी काढून द्या म्हणाली. महिपतीला वाटलं, चेष्टा करतेय. फटफटी आता जागेवर उभी आहे, कुठं पळून जात नाही, असं त्यानं समजावून पाहिलं.

"माझ्या ढवळीला दावं न्हवतं तरी ती सांच्याला घरी यायची," छबूबाई म्हणाली. "हिला दावं लागंल. ते माझ्या गळ्यात ऱ्हाईल."

महिपती गुमान पाना आणायला आत गेला.