खाणीतला वारा

चाकणच्या पलीकडं, खेडच्या वाटेवर माझी सासुरवाडी. तिथं भुईमूग भरात आला की रानडुकरं येत आणि दिवाळी आली की मी जाई. दोघांपैकी कुणाचं येणं सासऱ्यांना जास्त त्रासाचं वाटे, हे मी कधी विचारलं नाही. डुकरांसाठी मात्र त्यांनी परवान्याची ठासणीची बंदूक ठेवली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ती बंदूक त्यांनी माझ्या हातात दिली. बांधावर एक मडकं पालथं घातलं होतं. अर्धा गाव ओट्यावर बसला होता. आपल्या जावयानं मडकं फोडावं, इतकीच त्या भल्या माणसाची इच्छा. मी बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. धूर विरल्यावर पाहिलं तर मडकं जागेवर होतं. त्याच्यापासून बऱ्याच लांब, शेजारच्या वावरात उभ्या असलेल्या बुजगावण्याचं मुंडकं मात्र नाहीसं झालं होतं.

सासऱ्यांनी बंदूक शांतपणे परत घेतली. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमी आपला टाकच चालवा. त्यानं कुनी मरत न्हाई."

त्या दिवसापासून गावात मला माझ्या नावानं कुणी ओळखलं नाही. 'बुजगावण्याचे जावई' आले, असं म्हणत. बायकोला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. "खोटं काय बोलतात?" ती म्हणे. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. सासऱ्यांनी आपल्याविषयी एकदा, फक्त एकदा, काहीतरी बरं बोलावं. पुढं जे काही झालं ते या एका हट्टापायी.

मी तेव्हा चिंचवडच्या बाजूला एका नट-बोल्टांच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये कारकून होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आजूबाजूला माळ, बाभळी आणि मधेच एखाद्या कारखान्याची चिमणी. आमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं असं, की कारखाना म्हटला की क्लब हवा आणि क्लब म्हटला की तिथं काहीतरी मर्दानी हवं. त्यांनी कुठूनसं एक हवेचं पिस्तूल पैदा केलं. मधोमध मोडायचं, त्यात वाटाण्याच्या निम्म्यानं असेल एवढा छर्रा घालायचा, परत मिटायचं आणि झाडायचं. माळावर एक सोडून दिलेली दगडाची खाण होती. तिच्या भिंतीशी रेतीची पोती रचली, पोत्यांपुढं लाकडी चौकट उभी केली आणि नेमबाजी क्लब सुरू झाला. नेमाचे पुठ्ठे आमच्याच खोक्यांचे कापलेले. बशी ठेवून बाहेरचं वर्तुळ, वाटी ठेवून मधलं आणि झाकण ठेवून आतलं. आतलं तेवढं शाईनं काळं करायचं.

पिस्तुलाची जबाबदारी सुभेदारांकडं होती. हे फौजेतून निवृत्त झालेले आणि आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांचे प्रमुख. मिशा अशा की त्यांच्यापुढं खोटं बोलायचं धाडस होत नसे. त्यांना स्वतःला ते धाडस होत होतं, हे मला पुढं कळलं.

पहिल्या रविवारी मी भीत भीत गेलो. माझ्या आधी ड्रॉइंग ऑफिसमधले दोन इंजिनियर झाले. दोघेही ताठ, श्वास रोखून, एक डोळा मिटून. दोघांचेही छर्रे काळ्याच्या वर, उजवीकडं. मग मोठे साहेब. त्यांनी हात वर केला, मान वाकडी केली आणि असा काही झटका दिला, की कोंबडी पकडायला निघालेत असं वाटावं. छर्रा बरोबर काळ्यात. टाळ्या झाल्या. मग माझा नंबर. मी डोळे मिटले. या वेळी एकच मिटायचा होता, पण सवयीनं दोन्ही मिटले. जिवाच्या आकांतानं चाप खेचला. सुभेदार चौकटीजवळ गेले, वाकले, परत आले.

"काळ्यात," ते म्हणाले आणि माझ्याकडं फार चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

पुन्हा झाडलं, पुन्हा काळ्यात. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नॅचरल हँड आहे तुमचा. अगदी माझ्यासारखा." मी घरी गेलो तो जमिनीपासून थोडा वरूनच.

पावसाळा सरेपर्यंत क्लबात साहेबांच्या खालोखाल मी होतो. चांगली नजर, चांगला हात, चांगली छाती असलेली माणसं दर रविवारी वर-उजवीकडं भोकं पाडून खालमानेनं घरी जात आणि मी त्यांना सल्ले देई. "मन शांत ठेवा राव, सगळं मनात असतं," असं मी एका इंजिनियरला सांगितल्याचं आठवतं. त्यानं ते मनावरही घेतलं. बिचारा.

मग ठरलं, की शेजारच्या छावणीतल्या फौजी लोकांशी मैत्रीची लढत घ्यायची. आमच्या संघात साहेब, दोन इंजिनियर आणि मी. मी त्याच संध्याकाळी सासऱ्यांना निरोप धाडला, की लढत बघायला या. बायको म्हणाली, "बाबांना कशाला बोलावताय? हरला तर?"

"हरतो कशाला? साहेबांसारखा हात आहे माझा."

"बुजगावण्याच्या वेळी कुणासारखा होता?"

आता इथं थांबलो असतो तर भागलं असतं. पण सासरे येणार म्हटल्यावर मला सुधारायची इच्छा झाली. नेम आहे त्याहून चोख करू म्हटलं. मी सुभेदारांना गाठलं आणि मला नीट शिकवा म्हणालो. ते का कोण जाणे, टाळाटाळ करू लागले. "भाऊसाहेब, तुमचं चाललंय ते बरं चाललंय. कशाला छेडता?" मी सोडीना. शेवटी त्यांनी शिकवलं. अर्धा श्वास सोडायचा. नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा, म्हणजे माशी, मागच्या खाचेत मधोमध बसवायची. चाप ओढायचा नाही, नुसता दाबत जायचा, इतका हळू की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. हात स्थिर व्हावा म्हणून घरी पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा.

मी रोज तांब्या धरून उभा राहू लागलो. बायकोनं त्याचा फायदा घेतला. तांब्याऐवजी कधी कंदील, कधी दुधाची कासंडी, कधी तिचं लोकर गुंडाळायचं काम. "तुमचा सरावही होतो आणि माझं कामही," ती म्हणे. पण हात खरंच स्थिर झाला. डोळा उघडा राहू लागला. चापाचा झटका गेला. आपण आता खरे नेमबाज झालो, असं मला आतून वाटू लागलं.

पुढच्या रविवारी खाणीत उभा राहिलो. अर्धा श्वास, माशी, खाच, चाप हलकेच दाबला. छर्रा काळ्याच्या वर, उजवीकडं. दुसरा तिथंच. तिसराही तिथंच. ज्याला मी शांत मनाचा सल्ला दिला होता तो इंजिनियर मागून हळूच म्हणाला, "मन शांत ठेवा राव."

मी घाबरलो. घरी तांब्याच्या जागी घागर धरली. त्यानंतरच्या रविवारी छर्रे अजून जवळजवळ पडले, पण वर-उजवीकडंच. जितका सुधारलो तितका ठामपणे चुकू लागलो. सासऱ्यांचा उलट निरोपही येऊन पोचला होता, की येतो. मी सुभेदारांना खाणीच्या तोंडाशी अडवलं.

"सुभेदार, खरं सांगा. माझ्या हाताला काय झालंय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. साहेब लांब होते. "हाताला काही नाही. हात आता कुठं सरळ झालाय."

"मग?"

"साहेब चापाला हिसका देतात. छर्रा खाली डावीकडं जातो. पिस्तूल आणलं त्या दिवशी त्यांनी एकट्यानं मारून पाहिलं, तेव्हा सगळे तसे गेले. आता साहेबांना हे सांगणार कोण?"

"कोण?"

"कुणी नाही. म्हणून मी पिस्तुलाला सांगितलं. मागची खाच सरकवली. साहेबांची चूक जेवढी, तेवढी खाच उलट्या बाजूला."

म्हणजे अख्खा क्लब साहेबांच्या हिसक्याला जुळवलेल्या पिस्तुलानं नेम धरत होता. ज्यांचा हात सरळ त्यांचा नेम चुके. आणि साहेबांइतकाच वाईट हात असलेला माणूस सबंध कारखान्यात एकच होता. नॅचरल हँड.

"मग खाच सरळ करा ना," मी म्हणालो.

"करतो की. साहेबांचे छर्रे लढतीत खाली गेले तर तुम्ही सांगाल त्यांना कारण?"

मी विचार केला. माझं प्रमोशनचं वय होतं. "राहू दे," म्हटलं.

"सोपं आहे भाऊसाहेब. तुम्ही काळं सोडा. काळ्याच्या खाली डावीकडं कोपऱ्यात नेम धरा. पिस्तूल आपोआप मधे नेईल." मी तसं करून पाहिलं आणि खरंच, छर्रे काळ्यात एकावर एक बसले. आठवडाभर मी स्वप्नातही खाली डावीकडंच बघत होतो.

लढतीच्या सकाळी सासऱ्यांना आणायला नाशिक रस्त्याच्या फाट्यावर गेलो. चाकणकडून येणारी एसटी उशिरा आली. सासरे उतरले ते बटाट्याचं पोतं घेऊन. पोतं सायकलवर आणि आम्ही दोघं चालत. वाटेत ते एवढंच म्हणाले, "मडकंच हाय का आज बी?"

"नाही मामा, कागदावर नेम आहे."

"बरं हाय. कागद पळत न्हाई."

आम्ही पोचलो तोवर लढत सुरू झालेली. फौजींची पहिली फेरी आटोपली होती आणि आमचे साहेब पिस्तूल खाली ठेवत होते. त्यांचा चेहरा फाटकाबाहेर उभं केल्यासारखा. पुठ्ठा पाहिला. सगळे छर्रे खाली डावीकडं विखुरलेले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "वारा आहे आज." खाण तिन्ही बाजूंनी उभ्या दगडाची. तिथं वारा येत नाही म्हणून तर ती जागा निवडली होती. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तर टोपी दाबून धरली.

सुभेदार माझ्याकडं बघून काहीतरी खुणावत होते. मला त्या शुभेच्छाच वाटल्या. माझा नंबर पुकारला होता आणि मागं सासरे पोत्यावर बसले होते. मी हात लांब केला. अर्धा श्वास सोडला. नेम खाली डावीकडं कोपऱ्यात धरला. चाप असा दाबला, की घागरीतलं पाणीही हललं नसतं. सगळे छर्रे संपवले आणि आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून मागं वळलो.

कुणी टाळी वाजवली नाही. पुठ्ठा आणला गेला. मधलं काळं कोरं करकरीत. खाली डावीकडच्या कोपऱ्यात मात्र बोटानं झाकता येईल एवढ्या जागेत सगळी भोकं एकत्र बसलेली.

सुभेदारांनी कानात सांगितलं ते असं. फौजींचं स्वतःचं पिस्तूल ऐन वेळी अडकलं. साहेबांनी मोठ्या मनानं आपलं पुढं केलं, आधी पाहुणे. पाहुण्यांच्या प्रमुखानं एक छर्रा झाडून पाहिला, खिशातून बारकं पेचकस काढलं आणि खाच सरळ केली. वर साहेबांना सांगितलंही, "तुमचं पिस्तूल थोडं बिघडलं होतं, दुरुस्त करून दिलंय." साहेबांनी त्याचे आभार मानले.

मी सासऱ्यांकडं बघायचं टाळलं. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. एकदा उभा धरला, एकदा आडवा धरला.

"डुक्कर हितं कोपऱ्यात असतं तर मेलं असतं," ते म्हणाले.

फौजी हसले. मग पाहुण्यांच्या प्रमुखानं आदरानं सासऱ्यांच्या हातात पिस्तूल दिलं. "बाबा, तुम्ही बघा मारून." सासरे उठले, मिशीवरून हात फिरवला, पागोटं मागं सारलं. बंदूकवाला माणूस, सगळे बाजूला झाले. त्यांनी झाडलं. सुभेदार चौकटीजवळ गेले. पुठ्ठ्याची पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, चौकटीचं लाकूड पाहिलं, पोती पाहिली. कुठंच काही सापडेना.

सासऱ्यांनी पिस्तूल परत दिलं आणि वर आभाळाकडं बघितलं.

"वारा लई हाय," ते म्हणाले.

"व्हय मामा," मी म्हणालो, "सकाळपासनं हाय."

संध्याकाळी त्यांना फाट्यावर पोचवायला गेलो. एसटीच्या पायरीवर चढता चढता ते थांबले. "ती समदी भोकं एका जागी पडली व्हती न्हवं?"

"हो."

"अवघड असतंय ते." एवढं बोलून आत गेले. बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, बाबा बटाट्याविषयी बोलत असतील.

पुढच्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो. ओट्यावर नेहमीची मंडळी होती. एका म्हाताऱ्यानं मला जवळ बसवून घेतलं. "जावईबापू, तुमच्या त्या शर्यतीत कोपऱ्यातच मारायचं असतंय म्हनं? मधी लागलं तर बाद?"

मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते अडकित्त्यानं सुपारी कातरण्यात अगदी गढून गेले होते.

"हो," मी म्हणालो, "तसाच नियम आहे. आणि वारा असला तर फारच कठीण."

"तुमचं सासरं बी तेच म्हनलं," म्हातारा म्हणाला. सासऱ्यांनी वर न बघता सुपारीचं पहिलं खांड माझ्या हातावर ठेवलं.